चॅपल हिलच्या मुलींचा सॉकर सीझन पहिल्या मॅचपासून कसा बघायचा

दर उन्हाळ्यात अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी आणि मॉरिसव्हिलमध्ये नवीन मराठी घरं येतात. शाळेची नावनोंदणी, गाडीचं लायसन्स, किराणा कुठे मिळतो, एवढं सगळं मार्गी लागलं की ऑगस्टच्या सुमाराला कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, पोरगी सॉकर खेळायला लागलीय. तिला चांगली मॅच कुठे दाखवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. अर्ध्या तासावर चॅपल हिल आहे, तिथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची महिलांची टीम खेळते, तिथे न्या. मग पुढचे प्रश्न सुरू होतात: तिकीट काढायचं का, टीव्हीवर का दिसत नाही, घड्याळ उलटं का पळतंय, काल हरली तरी रँकिंग वर कसं गेलं? हे सगळं मीही अडखळत शिकले. तुमचा पहिला सीझन त्यात जाऊ नये म्हणून इथे क्रमाने लिहिते.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉलची (इथल्या भाषेत सॉकरची) मॅच बघायला बाबा मला न्यायचे, तेव्हा त्या गर्दीत मुली बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या आणि मैदानावर तर एकही नाही. इथे पहिल्यांदा मुलींच्या मॅचला स्टँड भरलेला पाहिला आणि माझे डोळे भरून आले. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१. आधी सीझनचं वेळापत्रक समजून घ्या

अमेरिकेत कॉलेजचा सॉकर सीझन ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सराव सुरू होतो, मग एक-दोन सराव सामने होतात आणि ऑगस्टच्या मध्यावर खरे सामने सुरू होतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टीम आपल्या गटाबाहेरच्या विद्यापीठांशी खेळते. त्यानंतर गटातले, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधले सामने येतात. या गटाला सगळे एसीसी म्हणतात. नोव्हेंबरमध्ये गटाची स्पर्धा, मग ६४ टीमची राष्ट्रीय बाद फेरी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटच्या चार टीमचा कॉलेज कप.

बरेच सामने गुरुवारी आणि रविवारी असतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे आपले गणपतीचे दिवस. मंडळाचा कार्यक्रम आणि रविवारची मॅच एकाच दिवशी येणं ठरलेलंच, तेव्हा वेळापत्रक जाहीर झालं की लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला.

इथे एक सापळा आहे. वेळापत्रकात ज्या सामन्यापुढे 'एक्झिबिशन' लिहिलेलं असतं, तो हिशोबात धरला जात नाही. तिथल्या विजयावर आनंद आणि पराभवावर दुःख, दोन्ही आवरतं घ्या. पण जमलं तर बघायला जरूर जा. नवीन मुली सर्वांत जास्त वेळ तिथेच खेळतात.

२. पहिल्या वर्षी एकच टीम धरा

आपल्या भागात निवडायला भरपूर आहे. डरहॅममध्ये ड्यूक विद्यापीठाची टीम कॉस्किनन स्टेडियमवर खेळते, रॅलेमध्ये एनसी स्टेट, जरा लांब विन्स्टन-सेलममध्ये वेक फॉरेस्ट. २०२४ च्या कॉलेज कपमध्ये शेवटच्या चारपैकी तीन टीम याच राज्यातल्या होत्या: नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक आणि वेक फॉरेस्ट. चौथी स्टॅनफर्ड, आणि तीही त्याच वर्षी एसीसीत आलेली. घराजवळ इतकं चांगलं सॉकर असलं की सगळंच बघावंसं वाटतं. पण चार टीमच्या मिळून शंभरएक मुली लक्षात ठेवताना एकही नीट ओळखीची होत नाही.

मी चॅपल हिल निवडलं. या टीमकडे २२ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, शिवाय १९८१ चं एक, जेव्हा एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, महिला स्पर्धा सुरूच झाली नव्हती. ती पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये सुरू झाली. मिया हॅम, क्रिस्टिन लिली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन या सगळ्या इथल्याच. २०२२ मध्ये इंग्लंडने युरो जिंकला त्या संघातल्या लूसी ब्राँझ, अलेसिया रुसो आणि लॉटी वुबन-मॉय याही इथे खेळून गेल्या आहेत. अँसन डोरन्स १९७९ पासून २०२४ पर्यंत इथले कोच होते, आणि १९९१ ला महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला तेव्हा अमेरिकेचे कोचही तेच होते. आजचं मैदान, २०१९ ला उघडलेलं डोरन्स फील्ड, त्यांच्याच नावाने आहे.

तुमची मुलगी ड्यूकच्या उन्हाळी शिबिराला जाऊन आली असेल तर ड्यूक निवडा. खालच्या पायऱ्या तशाच लागू पडतात.

३. रोस्टर छापून घ्या आणि वही करा

माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच नवीन लोक गाळतात.

कॉलेज टीम दर ऑगस्टला निम्मी-अर्धी नवी असते. जुन्या मुली पदवी घेऊन जातात, काही पदवीआधीच व्यावसायिक क्लबशी करार करतात, काही 'ट्रान्सफर पोर्टल'मधून दुसऱ्या विद्यापीठात जातात आणि तिकडच्या इकडे येतात. त्यामुळे मागच्या डिसेंबरमध्ये पाहिलेली टीम डोक्यात ठेवून ऑगस्टच्या मॅचला गेलात तर १० नंबरची जर्सी भलत्याच मुलीच्या अंगावर दिसेल.

टीमच्या अधिकृत संकेतस्थळावर खेळाडूंची यादी असते, तिलाच रोस्टर म्हणतात. तिची छापील प्रत काढा. २०२५ पासून ज्या विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी आर्थिक व्यवस्था स्वीकारली, त्यांना महिला सॉकरमध्ये २८ खेळाडूंची मर्यादा आहे, म्हणजे यादी एका पानावर बसते. प्रत्येक नावापुढे जागा आणि वर्ष असतं. फ्रेशमन म्हणजे पहिलं वर्ष, सोफोमोर दुसरं, ज्युनियर तिसरं, सीनियर चौथं. 'रेडशर्ट' लिहिलं असेल तर ती मुलगी एक वर्ष, अनेकदा दुखापतीमुळे, खेळली नव्हती आणि तिचं ते वर्ष शिल्लक राहिलं. यादीत उंची आणि गावही असतं. गाव वाचा. आपल्या मुलीच्या क्लबमधली कुणी निघाली तर तिला जो आनंद होतो, तो दुसऱ्या कशाने होत नाही.

आता वही. पहिल्या सहा सामन्यांत मी चार गोष्टी लिहून ठेवते:

• गोलकीपर कोण, आणि मध्यंतरानंतर बदलली का? ऑगस्टमध्ये कोच कधी कधी दोघींना अर्धा-अर्धा वेळ देतात. एकच टिकली की समजायचं, कोचचं ठरलं.
• मधल्या दोन बचावपटू कोण? ही जोडी सलग तीन सामने तीच राहिली तर टीम स्थिरावते आहे.
• कॉर्नर आणि फ्री किक कोण घेते? ज्या पायावर कोचचा विश्वास, त्या पायाकडे चेंडू जातो.
• कोणती फ्रेशमन तासाभराहून जास्त वेळ मैदानावर राहिली?

स्कोअर मी वहीत लिहीत नाही, तो कुठेही सापडतो. सप्टेंबरअखेर या चार रकान्यांकडे पाहिलं की टीम कशी घडत गेली ते दिसतं, आणि नोव्हेंबरमध्ये एखादी मुलगी टीव्हीवर मोठा गोल करते तेव्हा ती तुमच्या ओळखीची झालेली असते.

एखादी नावाजलेली खेळाडू सुरुवातीला दिसलीच नाही तर लगेच दुखापतीचा निष्कर्ष काढू नका. महिलांचा २० वर्षांखालील विश्वचषक दर दोन वर्षांनी होतो आणि नेमका याच दिवसांत येतो. २०२४ मध्ये तो कोलंबियात ऑगस्टअखेर सुरू होऊन सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. २०२६ चा पोलंडमध्ये, सप्टेंबरमध्ये. कॉलेजच्या उत्तम मुली तेव्हा आपापल्या देशाकडून खेळायला गेलेल्या असतात.

४. इथले नियम थोडे वेगळे आहेत

ज्यांनी आयुष्यभर फुटबॉल पाहिला आहे त्यांचाच इथे जास्त गोंधळ उडतो, माझाही उडाला.

घड्याळ. मॅच ४५-४५ मिनिटांचीच, पण वेळ स्कोअरबोर्डवर असते, रेफरीच्या मनगटावर नाही. ती ४५ पासून शून्याकडे उतरत जाते. गोल झाला, कार्ड दाखवलं, कुणी जखमी झालं की घड्याळ थांबतं. त्यामुळे शेवटी वाढीव मिनिटं नाहीत, शून्यावर भोंगा वाजला की खेळ संपला. हे किती निर्दय आहे ते २०२२ च्या अंतिम सामन्यात केरीत दिसलं. आपली टीम कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध २-० ने पुढे होती. आधी एक गोल फिटला, आणि मग घड्याळावर १६ सेकंद उरलेले असताना कॉर्नरवरून दुसरा. जादा वेळेत यूसीएलएने ३-२ ने मॅच नेली. तेव्हापासून मी भोंगा होईपर्यंत खुर्चीतून उठत नाही.

बरोबरी. २०२२ पासून नियमित सीझनमध्ये जादा वेळ खेळत नाहीत. ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर बरोबरीच. बाद फेरीत मात्र दहा-दहा मिनिटांचे दोन पूर्ण भाग आणि तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी.

बदली खेळाडू. आपल्याला पाच बदल्यांची सवय. इथे विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला एकदम चार-पाच मुली बाहेर येतात आणि तितक्याच आत जातात. पहिल्या अर्धात बाहेर आलेली मुलगी त्या अर्धात परत जाऊ शकत नाही, दुसऱ्या अर्धात मात्र बाहेर आल्यावर एकदा परत जाता येतं. तेव्हा चांगली खेळणारी मुलगी अचानक बाकावर बसली तर घाबरू नका. ऑगस्टच्या उकाड्यात कोच मुद्दाम सगळ्यांना फिरवतात, आणि तुमच्या वहीसाठी ही पर्वणीच असते.

आकडे. २२-५-० असं लिहिलेलं दिसलं तर क्रम असा: विजय, पराभव, बरोबरी. युरोपात मधला आकडा बरोबरीचा असतो, इथे शेवटचा. खेळाडूच्या नावापुढचे 'पॉइंट्स' म्हणजे गोलाचे दोन आणि असिस्टचा, म्हणजे गोलासाठी पास देण्याचा, एक. एका गोलावर दोन मुलींना असिस्ट मिळू शकतं, त्यामुळे असिस्टची बेरीज गोलांपेक्षा जास्त दिसली तर ती चूक नव्हे.

५. टीव्हीवर बघायचं तर

एसीसीच्या टीमचे घरचे बरेचसे सामने एसीसी नेटवर्कवर किंवा त्याच्याच एसीसी नेटवर्क एक्स्ट्रा या ऑनलाइन भागावर असतात, आणि दोन्ही ईएसपीएनच्या अॅपमधून दिसतात. अट एकच, तुमच्या टीव्ही पॅकेजमध्ये किंवा ईएसपीएनच्या सबस्क्रिप्शनमध्ये एसीसी नेटवर्क असायला हवं. पहिल्या वर्षी मी घाईने एक स्वस्त सबस्क्रिप्शन घेतलं आणि मॅचच्या संध्याकाळी पडद्यावर फक्त लॉगिनची पाटी पाहिली. पैसे भरण्याआधी त्या आठवड्यातल्या मॅचची लिंक उघडा, ती कोणतं लॉगिन मागते ते पाहा आणि मगच ठरवा. बाहेरगावचे सामने यजमान विद्यापीठाच्या वाहिनीवर असतात, म्हणून प्रत्येक मॅचची लिंक वेगळी तपासावी लागते.

काहीच दिसत नसेल तर टीमच्या संकेतस्थळावर 'लाइव्ह स्टॅट्स' असतात. कोण आत गेली, कोण बाहेर आली, सगळं मिनिटागणिक तिथे येतं. वही भरायला तेवढंही पुरतं.

६. मैदानावर जाताना

काय न्यायचं:

• रोस्टरची छापील प्रत आणि पेन
• फोनमध्ये उतरवून ठेवलेलं तिकीट, कारण ऐन गेटवर नेटवर्क हमखास रडतं
• ओळखपत्र, आणि घरात कुणी विद्यार्थी असेल तर त्याचं विद्यापीठाचं कार्ड
• पारदर्शक पिशवी; अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेडियममध्ये साधी पर्स किंवा सॅक आत नेऊ देत नाहीत
• टोपी, सनस्क्रीन, ओला करून मानेवर टाकायला पंचा
• पातळ रेनकोट. छत्री मागच्या माणसाची मॅच झाकते

तिकिटाचे नियम आणि दर सीझनगणिक बदलतात, म्हणून दर वर्षी संकेतस्थळावरच पाहा. डोरन्स फील्डमध्ये साधारण ४,२०० लोक मावतात. ऑगस्टमधल्या कमी नावाजलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मॅचला जागा आरामात मिळते. ड्यूकविरुद्धच्या मॅचला शेवटच्या दिवसावर राहू नका.

गाडीने जाणार असाल तर कॅम्पसवरच्या प्रत्येक पार्किंगच्या पाटीवर वार आणि वेळ लिहिलेली असते, ती पूर्ण वाचा. एक सोय फार कमी नवीन लोकांना माहीत असते: चॅपल हिलची शहर बस २००२ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे. पार्क-अँड-राइडला गाडी लावून बसने जाता येतं. रविवारी बस फार कमी असतात, तेवढं परतीचं आधी बघून ठेवा.

आता विजा. नॉर्थ कॅरोलायनात ऑगस्टच्या संध्याकाळी ढग गडगडणं नेहमीचं आहे. जवळ वीज चमकली की खेळ थांबतो, सगळ्यांना आडोशाला पाठवतात आणि शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय खेळ पुन्हा सुरू होत नाही. एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा चमकली तर मोजणी पहिल्यापासून. लहान मुलं बरोबर असतील तर गाडीत खायला काहीतरी ठेवाच. आमच्याकडे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी असते. अशाच एका संध्याकाळी दीड तास गाडीत बसून काढला, अर्धे लोक घरी गेले. परत आत गेलो तेव्हा पहिल्याच रांगेत जागा मिळाली आणि कोच बाकावरच्या मुलींना काय सांगतात ते आम्हाला ऐकू येत होतं.

जागा निवडताना मी तरी मधल्या रेषेजवळ न बसता गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात, थोडी वर बसते. तिथून बचावाची फळी पुढे-मागे कशी सरकते ते दिसतं. मुलगी गोलकीपर असेल तर तिला गोलच्या मागे न्या. गोलकीपर ९० मिनिटं किती बोलते हे टीव्हीवर कधीच ऐकू येत नाही.

७. सुरुवातीच्या रँकिंगला किती महत्त्व द्यायचं

ऑगस्टमध्ये जी यादी येते ती कोचच्या मतांवर ठरते. ज्या टीम अजून मैदानात उतरलेल्याही नसतात त्यांच्याबद्दलची ती मतं, त्यामुळे त्यात मागच्या वर्षीचाच प्रकाश जास्त असतो. वाचा, पण त्यावरून कुणाशी वाद घालू नका.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम निवडताना आरपीआय नावाचं एक गणित वापरत आले आहेत. त्याचा पाया असा: २५ टक्के तुमच्या स्वतःच्या विजयांचं प्रमाण, ५० टक्के तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचं आणि उरलेले २५ टक्के त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं. म्हणजे कुणाशी खेळलात याला तीन चतुर्थांश वजन. दुबळ्या टीमला ६-० ने हरवून फारसं हाती लागत नाही आणि बलाढ्य टीमकडून तिच्या मैदानावर १-० ने हरून फारसं बिघडतही नाही. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत कोच मुद्दाम अवघड सामने का घेतात, ते यातून कळतं. 'हरली तरी रँकिंग वर कसं गेलं' याचं उत्तरही बऱ्याचदा इथेच असतं.

आणि २०२४ आठवा. सीझन तोंडावर असताना, अगदी काही दिवस आधी, डोरन्स निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नहास हंगामी कोच झाले. त्या वर्षी टीम पाच सामने हरली. प्रत्येक पराभवानंतर आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहायचं की संपलं आता, डोरन्सशिवाय ही टीम काही उभी राहत नाही. डिसेंबरमध्ये याच टीमने उपांत्य फेरीत ड्यूकला ३-० ने आणि अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला १-० ने हरवून केरीतच चषक उचलला, आणि नहास कायमचे कोच झाले. त्या सीझनची माझी वही मी जपून ठेवली आहे.

८. सप्टेंबरच्या मध्यानंतर

एसीसीत १७ टीम आणि प्रत्येकीचे गटात दहा सामने, म्हणजे सगळ्या सगळ्यांशी खेळत नाहीत. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. इथून तक्ता बघायला हरकत नाही. गटाच्या स्पर्धेचे शेवटचे सामने गेली काही वर्षं केरीच्या वेकमेड सॉकर पार्कमध्ये होत आले आहेत, आपल्यापैकी कित्येकांना ते घरापासून दहा मिनिटांवर. त्या आठवड्याच्या आसपास दिवाळी असते, पाहुणे असतात, तेव्हा तारीख आताच लिहून ठेवा.

पहिल्या मॅचला निघताना रोस्टरच्या दोन प्रती काढा. एक तुमच्याकडे, एक मुलीकडे. पेन तिच्याच हातात राहू दे.